मथळा कुठला ते सांगा

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर मराठी चालू असताना शिफ्ट धरून आठचं बटण दाबलं की 'श्र' उमटतो. इंग्रजीत त्याच बटणावर चांदणी असते. तीनवर इंग्रजीत हॅश, मराठीत पायातला र. अधोरेषेच्या जागी विसर्ग. चौकटी कंस असायचे तिथे 'ड' आणि नुक्ता. 'पेक्षा मोठे' हे चिन्ह असतं तिथे दंड. थोडक्यात, मार्कडाउनमध्ये, म्हणजे मथळा, यादी, ठळक शब्द हे सगळं साध्या मजकुरातच चिन्हांनी दाखवायच्या पद्धतीत, लिहायला जी जी चिन्हं लागतात, ती जवळपास सगळी आपल्या अक्षरांनी आधीच पटकावून ठेवली आहेत. हायफन आणि गोल कंस तेवढे जागच्या जागी. त्यामुळे साधा मथळा द्यायचा तर भाषा बदला, हॅश टाका, पुन्हा मराठीत या. बदलायचं राहिलं तर ओळीच्या तोंडाशी ठिपक्याठिपक्यांचं एक वर्तुळ येतं आणि त्याच्या पायाशी तो र लोंबकळत राहतो.

एवढी कटकट सोसूनही माझं सगळं काम आता याच पद्धतीने चालतं. दिवाळी अंकांचं संपादन, भाषांतरं, सभेची टिपणं, लोकलमध्ये फोनवर खरडलेलं काहीबाही, सगळं साध्या टेक्स्ट फायलींत.

ज्यांनी मार्कडाउन हे नाव ऐकलेलं नाही, त्यांनाही ही चीज तशी ओळखीची आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' हे वाक्य दोन चांदण्यांच्या मध्ये टाकतात आणि ते ठळक होऊन येतं. लगेच खाली कुणीतरी तसंच ठळक विचारतं, 'टँकर मागवला का?' हे त्याच घराण्यातलं. फरक इतकाच, की व्हॉट्सॲपवर दोन्ही टोकांना एकेक चांदणी दिली की शब्द ठळक होतो आणि मार्कडाउनमध्ये एकेकीने तिरपा, दोन-दोन दिल्या की ठळक. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश म्हणजे मथळा, दोन म्हणजे उपमथळा. 'पेक्षा मोठे' म्हणजे दुसऱ्याचा उतारा. हायफन म्हणजे यादी. परिच्छेद संपला की एक ओळ रिकामी सोडायची. रोजच्या कामाला एवढं पुरतं, आणि शिकायला एक चहा पुरतो.

जॉन ग्रुबर या अमेरिकी ब्लॉगरने हे २००४ मध्ये जाहीर केलं. आरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरचा त्यात मोठा हात होता. तेव्हा तो विशीतही नव्हता. सोबत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम होता, जो या खुणांचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची भाषा, करून द्यायचा. अशा पद्धती त्याआधीही होत्या. सेटेक्स्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, डीन ॲलन यांची टेक्स्टाइल २००२ ची, आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचकांनाच बदलता येणारी वेबसाइट, उभी केली तेव्हापासून विकीच्या आपल्या वेगळ्या खुणा. पण ग्रुबरनी एक अट सगळ्यांच्या वर ठेवली: फाईल रूपांतर न करता, आहे तशी वाचता आली पाहिजे. त्यांनी चिन्हंही फारशी शोधून काढली नाहीत. साध्या ईमेलमध्ये लोक जोर द्यायला चांदण्या घालत होतेच, दुसऱ्याचं वाक्य उद्धृत करताना पुढे कोनी चिन्ह लावत होतेच. तीच सवय उचलून तिला नियम दिले.

ही अट किती मोलाची आहे, हे मला गिरगावात काढलेल्या दिवसांमुळे कळतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी टाइप देशभर गाजले, त्या काळबादेवी-गिरगावच्या पट्ट्यात नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं होती. एसी कॉम्प्युटरसाठी, पंखा माणसांसाठी. तेव्हाचं मराठी टायपिंग म्हणजे फॉन्टची चलाखी होती. आत साठायची रोमन अक्षरं आणि डोक्यावर टोचण्या लावलेली युरोपीय चिन्हं. फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. एका दुकानातली फ्लॉपी दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अग्रलेखाचा बाराखडीशी संबंध तुटायचा. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ पासूनच होती, पण दुकानांपर्यंत यायला तिला बराच उशीर लागला. त्या काळातल्या कितीतरी फायली माझ्याकडे अजून आहेत. एकही बाइट हरवलेला नाही, आणि एकही ओळ वाचता येत नाही.

म्हणून आता कुणी लेखक विचारतो, "ताई, वर्डमध्ये काय वाईट आहे?", तेव्हा माझा चेहरा जरा ताठ होतो. वर्ड वाईट नाही. वर्डमध्ये येणारं मराठी लिखाण कसं येतं, ते बघा.

अंकाचं काम गणपतीच्या आगेमागे ऐन भरात येतं. लेखांच्या फायली येऊ लागतात. मथळा स्पेसबार दाबून दाबून पानाच्या मधोमध ढकललेला. लेखकाचं नाव ठळक, तिरपं आणि अधोरेखित, तिन्ही एकदम. मधल्या काही ओळी लाल. काही ओळींचा टाइप अकराचा, काहींचा साडेअकराचा, कारण त्या जुन्या लेखातून आणून चिकटवलेल्या. आमचे मांडणी करणारे दादा लोअर परळला बसतात. गिरण्यांच्या आवारात आता जी काचेची ऑफिसं झाली आहेत, त्यांच्या मागच्या अंगाला एका जुन्या गाळ्यात. फाईल उघडली की त्यांचा फोन.

"ताई, हे लाल काय आहे? मथळा की राग?"

"मथळा असावा."

"असावा नको हो. मथळा कुठला, उपमथळा कुठला, उतारा कुठला, एवढं सांगा. रंगबिंग माझ्यावर सोडा."

मार्कडाउनचं मर्म मला याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही, आणि दादांनी मार्कडाउनचं नावही तोवर ऐकलेलं नव्हतं. त्यांना ओळ दिसते कशी हे नको असतं, ती ओळ आहे कोण हे हवं असतं.

आता गंमत अशी, की हे लेखकाला विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. गेल्या खेपेला एका लेखात परिच्छेदांच्या मध्ये ठळक ओळी होत्या. मी फोन केला, "सर, ही उपशीर्षकं आहेत की त्या त्या परिच्छेदाची पहिली वाक्यं?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "दोन्ही समजा ना." वर्डमध्ये दोन्ही समजता येतं. ओळ ठळक करून मधे सोडून दिली की निर्णय वाचकाच्या गळ्यात. हॅश टाकायचा की नाही या प्रश्नाला मात्र मधलं उत्तर नाही. शेवटी आम्ही दोघांनी तो लेख फोनवरच पुन्हा लावला. आठ ठळक ओळींतली तीनच खरी उपशीर्षकं निघाली, बाकीच्या नुसत्या मोठ्या आवाजात बोललेल्या. त्या खाली उतरवल्यावर लेखाचा मधला भाग दोनदा तेच सांगतोय, हेही उघड झालं. सरांनी तो स्वतःच कापला. ठळक टाइपाखाली पुनरुक्ती फार छान लपते.

माझं मत विचाराल तर मराठीत ठळक टाइप जितका वापरला जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही वापरायची गरज नाही. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे, 'तर' आहे, शब्दांची उलटापालट आहे. 'मी जाणार' आणि 'जाणार मी' यांतला फरक दाखवायला चांदणी लागत नाही.

तिरप्या टाइपाचं तर आपल्याला कामच नाही. तो व्हेनिसचा. आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात १५०१ मध्ये त्या टाइपात पुस्तक छापलं गेलं आणि पुढे रोमन लिपीत जोर देण्यासाठी, पुस्तकांच्या नावांसाठी तो रुळला. देवनागरीत अशी परंपराच नव्हती. त्यामुळे मराठी शब्दाभोवती एकेक चांदणी घातली, की ब्राउझर बहुतेक वेळा सरळ अक्षरांनाच यंत्राने तिरकं करतो. शिरोरेषा आडवी ती आडवीच राहते आणि खालची अक्षरं सगळी एका बाजूला कलतात. गाडीने करकचून ब्रेक मारल्यावर वरच्या कड्यांना लटकलेली माणसं कलतात, तशी.

पण इथे मार्कडाउनला दोष देता येत नाही. एका चांदणीचा एचटीएमएलमध्ये अर्थ 'तिरपं करा' असा नाहीच, 'इथे जोर आहे' असा आहे. तो जोर कसा दाखवायचा हे पुढच्या पायरीवर ठरतं. आमच्या अंकाच्या मांडणीत एका चांदणीचा शब्द सरळच राहतो, फक्त किंचित जाड वजनात येतो. पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात. मूळ फायलीला यातलं काही कळतही नाही.

दोष आहेत ते वेगळे, आणि ते मराठीत लिहिल्याशिवाय दिसत नाहीत.

ग्रुबरच्या मूळ वर्णनात बऱ्याच जागा मोकळ्या होत्या. ज्याने त्याने त्या आपापल्या परीने भरल्या आणि एकच फाईल चार ठिकाणी चार तऱ्हांनी दिसू लागली. मग जेफ ॲटवुड, जॉन मॅकफार्लेन आणि इतर काही प्रोग्रामर मंडळींनी २०१४ मध्ये सगळे नियम काटेकोर लिहून काढले. त्याला आधी 'स्टँडर्ड मार्कडाउन' म्हटलं होतं. ग्रुबर नाराज झाले आणि नाव बदलून 'कॉमनमार्क' झालं. त्यात नुसत्या जोर देण्याच्या खुणांवर सतरा नियम आहेत. चांदणी कधी उघडते, कधी मिटते, शेजारी विरामचिन्ह असलं तर काय, मोकळी जागा असली तर काय. इंग्रजीला ते चपखल बसतात, कारण इंग्रजीत शब्द संपला की जागा येते किंवा विरामचिन्ह येतं.

आपला शब्द असा संपत नाही. त्याला प्रत्यय चिकटतो. समजा मला अवतरणासकट नाव ठळक करायचं आहे आणि पुढे 'ची' लावायची आहे: **"झेंडू"**ची माळ. मिटणाऱ्या चांदण्यांच्या आधी आलं अवतरणचिन्ह, नंतर आलं अक्षर. नियम म्हणतो, विरामचिन्हानंतरच्या चांदण्यांपुढे लगेच अक्षर असेल तर त्या मिटणाऱ्या नव्हेत. झालं! ठळक काही होत नाही आणि चारही चांदण्या छापील पानावर जशाच्या तशा हजर. कंसानंतर प्रत्यय आला तरी तेच. उपाय सोपा आहे, चांदण्या अवतरणाच्या आत घ्यायच्या: "**झेंडू**"ची. पण तो आधी कुणीतरी सांगावा लागतो. जपानी, चिनी, कोरियन लिहिणाऱ्यांना हीच ठेच लागते आणि त्यांनी त्याबद्दल तक्रारीही मांडल्या आहेत.

अधोरेषा तर आपण वापरूच नये. _मुंबई_त असं लिहिलं तर कॉमनमार्कमध्ये काहीच घडत नाही, कारण शब्दाच्या पोटातली अधोरेषा खूण धरायची नाही असा नियम आहे. प्रोग्रामर मंडळी आपल्या कोडमधली नावं अधोरेषेने जोडतात, त्यांची सोय पाहिली गेली. 'मुंबईत'मधला 'त' त्या नियमाला एकाच शब्दाचं शेपूट वाटतो. व्याकरण पाहिलं तर नियमाचंही फारसं चुकत नाही. चांदणीला अशी आडकाठी नाही, तेव्हा प्रत्ययाच्या भाषेने चांदणीच धरावी.

विकीने या बाबतीत आपली सोय जास्त चांगली केली आहे, बहुधा नकळत. तिथल्या दुव्यात उभ्या रेघेच्या डावीकडे लेखाचं मूळ नाव आणि उजवीकडे वाक्यात बसणारं रूप लिहिता येतं: [[पुणे|पुण्याच्या]]. पुणे शहराला सामान्यरूप होतं, हे यंत्राला समजावून सांगायची गरजच उरत नाही.

क्रमांकांची गोष्ट आणखी मजेची. मराठीत '१.' असं लिहून यादी केली तर मार्कडाउनला ती यादी दिसत नाही. त्याला शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच माहीत. रिकाम्या ओळी न सोडता पाच मुद्दे एकाखाली एक लिहिले, तर ते पाचही एका परिच्छेदात सलग ओतले जातात. म्हणून मी आकडे इंग्रजी टाकते आणि ते देवनागरीत दाखवायचं काम शेवटच्या पायरीवर सोपवते. वेबवर त्याची एका ओळीची सोय आहे. याच अज्ञानाचा फायदाही होतो, बरं का. इंग्रजीत एखादी ओळ सालाने सुरू झाली आणि सालानंतर पूर्णविराम आला, तर मार्कडाउन त्या सालाला यादीचा क्रमांक समजतं. आपण '१९६०. महाराष्ट्र राज्याची स्थापना' असं खुशाल लिहावं, काही बिघडत नाही.

ही सगळी परकी चिन्हं आपल्या लिखाणात कशाला, असं एका ज्येष्ठ लेखिकेने मला मध्यंतरी दादरला एका कार्यक्रमात ऐकवलं. "अहो, मराठी पानावर ते हॅश बघवत नाहीत." पान म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर छापील पान होतं आणि तिथे हॅश येतच नाही, हे मी सांगितलं. पण तो आक्षेप मला जुना, ओळखीचा वाटला. मराठीतली विरामचिन्हं तरी कुठे आपली? पोथ्यांत ओळ सलग वाहायची, शब्दांत जागा नाही, थांबायचं तिथे दंड, श्लोक संपला की दोन दंड. एखादी जागा उठून दिसावी म्हणून त्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि चुकलेलं झाकायला हरताळ फासायचा. मोडीत तर दंडाचीही वानवा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मंडळी इंग्रजीकडून आली, आणि ती मराठीला शिकवायला मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. आज प्रश्नचिन्हाला परकं म्हणणारा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. हॅश छापील पानापर्यंत जायचा नाही आणि जाऊही नये. त्याचं काम गेरूच्या जातीचं आहे, पोथी हाताळणाऱ्यासाठी.

बाईंना हे कितपत पटलं ठाऊक नाही. त्या अजून फुलस्केपवर हाताने लिहितात आणि मथळ्याखाली दुहेरी रेघ मारतात, उपमथळ्याखाली एकेरी. त्यांचा लेख टाइप करायला आमच्याकडे सगळ्यात कमी वेळ लागतो.

मी फाईल पुरी केली की पॅनडॉक नावाच्या प्रोग्राममधून ती काढते. तोही मॅकफार्लेन यांचाच, २००६ सालचा. गृहस्थ पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. एका फायलीतून लेखकाला तपासायला वर्डची प्रत निघते, वेबसाठी एचटीएमएल निघतं आणि दादांच्या इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये थेट घेता येईल अशीही एक निघते. तिच्यात मथळा 'मथळा' म्हणून, उतारा 'उतारा' म्हणून येतो, आणि दादा आपल्या ठरलेल्या शैली त्यावर चढवतात. लाल रंगाबद्दलचे फोन थांबले. आता फोन येतात ते फक्त कवितांच्या पानांबद्दल.

कविता हे मार्कडाउनचं दुखरं बोट आहे. ओळ मोडली म्हणून ते ओळ मोडत नाही; पुढची ओळ आधीच्या ओळीला जोडून टाकतं. अभंगाचे चार चरण चार ओळींत लिहिले तरी बाहेर येताना ते गद्य होऊन येतात. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या तर ती मोडते, पण न दिसणाऱ्या दोन जागांवर कवितेचा भार टाकणं मला कधीच पटलं नाही. कुणीतरी फाईल नीटनेटकी करायच्या भरात त्या पुसतो आणि कळतही नाही. त्यापेक्षा पॅनडॉकमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी उभी रेघ घालायची सोय आहे, ती बरी. रेघ दिसते, ओळ टिकते आणि ओळीआधी सोडलेली जागाही टिकते. आपण दंड ओळीच्या शेवटी देतो, इथे तो सुरुवातीला येतो, इतकंच.

हे मी यंदा नव्याने आलेल्या मदतनीस मुलीला सांगायच्या आत तिने एका तरुण कवीची कविता फायलीत उतरवली होती. मुक्तछंद, ओळी पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकवलेल्या, आणि मधल्या कडव्याला चांगली सहासात जागांची सोड. मार्कडाउनमध्ये रिकाम्या ओळीनंतर चार किंवा जास्त जागा सोडून ओळ सुरू झाली, की तो मजकूर संगणकाचं कोड समजला जातो. पहिलं आणि तिसरं कडवं गद्यात वाहून गेलं आणि मधलं कडवं राखाडी चौकटीत, बारीक अक्षरांत, थाटात बसलं. तेच कवीकडे तपासायला गेलं.

कवीचा दुसऱ्या दिवशी मला फोन. बाकीच्या कडव्यांबद्दल तो रास्त चिडला होता. "पण मॅडम, मधल्याची ती चौकट छान आहे. ती ठेवता येईल का?"

मी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "ठेवू की. पण चौकटीला काय म्हणायचं ते आधी ठरवा. कोड म्हणून आलं तर माझ्याकडे त्याची शैलीच नाही."

आम्ही तिचं नाव 'चौकट' असंच ठेवलं. मी तिन्ही कडव्यांच्या ओळींआधी उभ्या रेघा घातल्या, मधलं कडवं त्या नावाच्या वेगळ्या खणात टाकलं आणि फाईल लोअर परळला पाठवून दिली.